आदरार्थी ढोबळे

स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात करणारा माणूस एक तर संत असतो, नाही तर सम्राट. हिंदी मुलखातल्या आमच्या तात्यापारा वस्तीत या दोहोंपैकी कोणी राहत असल्याचं ऐकिवात नाही. आमच्या शेजारी ढोबळे राहतात.

गेल्या वर्षी मी इथे राहायला आलो, तेव्हा फाटकाशी येऊन त्यांनी सांगितलं, "ढोबळे आज फिरायले नाही येऊन राहिले." मला वाटलं, हे ढोबळेंचे भाऊ असावेत. फोन उचलून ते "ढोबळे बोलून राहिले" म्हणतात; पलीकडचा माणूस त्यांचं बोलणं संपायची वाट बघत थांबतो. एकदा भाजीवाल्याला त्यांनी बजावलं, "ढोबळे टिंडा नहीं खाते." तो म्हणाला, "तो आप ले लो, बाबूजी." ढोबळेंनी अर्धा किलो घेतला.

मानसशास्त्रवाले म्हणतात, स्वतःला नावाने संबोधलं की माणूस स्वतःकडे जरा लांबून बघू शकतो. असेल. पण ढोबळे लांबूनही स्वतःला नमस्कार करूनच बघत. मी जन्मभर व्याकरण शिकवलं आहे. "ढोबळे आला" हा विनय मी समजू शकतो. "ढोबळे आले" म्हणजे स्वतःच स्वतःला दिलेलं आदरार्थी बहुवचन, आणि ते सहसा निवडणुकीच्या आधी सुचतं.

आमच्या मराठी मंडळाची निवडणूक होतीच. अध्यक्षाच्या खुर्चीवर माझाही डोळा होता, हे कबूल करतो. त्यात रोज दुपारी भिंतीपलीकडून ढोबळेंचा आवाज यायचा: "ढोबळे लई सज्जन माणूस. ढोबळेंनी आजवर कोणाचं मन नाही दुखवलं." मधूनमधून बायकी आवाजात प्रश्न. बायकोकडून भाषणाची तयारी करून घेतात, हे मी ओळखलं. या वहिनी मला कधी दिसल्या नव्हत्या. गुडघे, असं सांगण्यात आलं होतं.

एका दुपारी सोक्षमोक्ष लावायला गेलो. दार उघडंच होतं. वहिनी खुर्चीत, पुढ्यात ताट, आणि ढोबळे हात बांधून उभे.

"आमचे हे कुठं हायेत?" वहिनींनी त्यांना विचारलं.

"सिलतऱ्याले. ड्यूटीवर. ढोबळे म्हणाले, तुम्ही जेवून घ्या."

"ते जेवल्याबिगर मी काहून जेवू?"

"जेवले ते. प्लांटच्या कॅन्टीनमध्ये."

"तुम्ही पायलं?"

"समोरच बसलो होतो मी."

ढोबळेंच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला प्रथमपुरुष, आणि तोही खोटा. वहिनींनी पहिला घास घेतला.

व्हरांड्यात येऊन ढोबळे हळू आवाजात म्हणाले, "दोन वर्षं झाली, ओळखत नाही. सुरुवातीले म्हटलं, अवो, मीच तो. तर परका माणूस घरात घुसला म्हणून ओरडली. दोन दिवस जेवली नाही. ढोबळेंचा निरोप आणला म्हटलं की जेवते. मग तेच तोंडात बसलं."

"पण ते 'आले', 'गेले'?" मी मास्तरकी सोडली नाही.

"एकदा 'ढोबळे आला' म्हणून गेलो. ताट सरकवून दिलं. माह्या नवऱ्याले अरेतुरे करता का, म्हणे."

आतून वहिनींनी मला हाक मारली. जवळ गेलो तर कानाशी म्हणाल्या, "हा माणूस चांगला हाय जी. पण आमच्या ह्यांची तारीफ जरा जास्तच करते."

ढोबळेंना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली आहेत. त्यांच्या प्लांटमध्ये कॅन्टीन कधीच नव्हतं. ते घरूनच डबा नेत.