हैरतजंग आले की गंगाधरराव घरी नसतात

महिन्यातून एखादा दिवस असा यायचा, की आमचे शेजारी गंगाधरराव आम्हांला ओळखत नसत.

मला हे पहिल्यांदा कळलं ते शिडीमुळे. परंड्यात त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून होतं आणि शेजार पुढे चांगला नऊ वर्षांचा झाला, पण तेव्हा तो जेमतेम महिन्याचा होता. त्या दिवशी मला माळ्यावरचा हंडा काढायचा होता. शिडी त्यांच्याकडे होती, म्हणून सकाळी आठला मी त्यांच्या दारात उभी राहिले. आत खुर्चीवर काळी शेरवानी घातलेला एक गृहस्थ ताठ बसला होता. डोक्यावर गोंड्याची लाल टोपी, अंगाला अत्तराचा वास. चेहरा गंगाधररावांचा.

"गंगाधरराव, शिडी हवी होती," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. महिनाभरात गंगाधररावांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. ते माझ्याशी बोलताना माझ्या पायांकडे बघत.

"मोहतरमा," तो म्हणाला, "हम तो इस घर के मेहमान हैं. शिडीचं घरच्यांना विचारा."

तेवढ्यात त्यांची बायको, गोदाक्का, पदराला हात पुसत बाहेर आली. "बाई, आज हे घरी न्हाईत. हैदराबादचे उस्ताद आलेत. शिडी मागल्या दारी हाय, तुमीच घ्या."

"मग गंगाधरराव येणार कधी?"

"खेळ झाला की येतील," ती जराही न हसता म्हणाली. "अन् हळू बोला. पाहुण्यांचा चहा व्हायचाय."

मी शिडी घेतली, हंडा काढला, शिडी परत ठेवली. दोन्ही वेळा उस्तादांनी मला सलाम केला.

आता सविस्तर सांगते. गंगाधरराव कचेरीत नकलनवीस होते. जुन्या कागदांच्या नकला उतरवायच्या, हे काम. निजामाच्या राज्यात ते उर्दू शाळेत शिकले आणि त्यांचं अक्षर असं होतं, की मोठे अंमलदार नक्कल हातात धरून नुसती बघत बसत. पुढे राज्य गेलं, कचेरीचा कारभार मराठीत आला आणि गंगाधररावांचं टेबल हळूहळू खिडकीपासून दाराकडे, दारापासून बोळात सरकत गेलं. तक्रार करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खरं म्हणजे बोलणंच नव्हतं. भाजीवालीने दोन वेळा "काय देऊ?" विचारलं, तर ते घाबरून समोर दिसेल ती भाजी घेत. त्यांच्या घरी आठवड्यातून चार दिवस दोडका असायचा, त्याचं कारण एवढंच, की दोडकेवाली कोपऱ्यावर पहिली बसायची.

अशा माणसाला जादूचा नाद होता. रुमाल, पत्ते, दोरी आणि लिंबू. जादूगार अंडं वापरतात, पण गोदाक्काच्या स्वयंपाकघरात अंडं येणं शक्य नव्हतं, म्हणून लिंबू. हाताची सफाई त्यांनी एकट्याने बसून कमावली होती. अडचण एकच होती. गंगाधरराव जादू करायला उभे राहिले, की ती कोणाला दिसत नसे. दिसायचा तो काहीतरी लपवणारा माणूस.

याचा पुरावा माझ्या डोळ्यांसमोरचा आहे. मी तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि सगळे कार्यक्रम माझ्याच गळ्यात असत. एकदा मी त्यांना चौथीच्या वर्गासमोर उभं केलं. शेरवानी उसवली म्हणून करीमचाचा शिंप्यांकडे गेली होती, म्हणून गंगाधरराव धोतर आणि कोटावर आले. पहिलंच लिंबू हातातून गेलं आणि तीस मुली एका सुरात ओरडल्या, "बाहीत हाय!" रुमाल गेला. "खिशात हाय!" गंगाधररावांनी सगळं सामान गोळा केलं आणि जमिनीकडे बघत मला म्हणाले, "बाई, पोरी हुशार हायत."

पंधरा दिवसांनी त्याच वर्गात उस्ताद हैरतजंग हैदराबादी आले. लिंबू तेच, मुली त्याच. उस्तादांनी लिंबू मुठीत धरलं, मुठीवर फुंकर घातली, मूठ उघडली आणि स्वतःच असे दचकले, की पहिल्या बाकावरच्या दोन मुली मागे सरकल्या. एकीच्याही तोंडून बाहीचं नाव निघालं नाही. एक मुलगी तर रडवेली होऊन म्हणाली, "उस्ताद, ते परत येईल का हो?"

मी दुसऱ्या दिवशी गंगाधररावांना गाठलं आणि यातली मेख विचारली. आपल्या विषयावर ते दोन वाक्यं बोलायचे.

"बाई, लिंबू घालवणं सोपं हाय. ते गेल्याचं आपल्याला खरंच नवल वाटणं, त्ये अवघड." मग म्हणाले, "गंगाधरच्या हातातून लिंबू गेलं, तर लोक इचारतात, लपवलं कुठं? हैरतजंगच्या हातातून गेलं, तर इचारतात, गेलं कुठं? सगळी जादू ह्या दोन सवालांच्या मधी हाय."

हा हैरतजंग त्यांनी एका दिवसात उभा केला नव्हता. तपशीलवार जमवला होता. चालणं एका जुन्या तहसीलदाराचं. आवाज त्यांना उर्दू शिकवणाऱ्या मौलवीसाहेबांचा. पान तोंडात ठेवल्यावर क्षणभर डोळे मिटण्याची तऱ्हा कुठल्याशा जहागीरदाराची. शेरवानी करीमचाचांनी शिवली आणि तिच्यात आठ चोरखिसे ठेवले. करीमचाचा मला म्हणाले, "बाईजी, खिसे आठ, पर ये आदमी चारच वापरता. बाकीचं काम त्याचं तोंड करतं."

आणि नियम असा होता, की खेळाच्या दिवशी सकाळची अंघोळ झाल्यापासून खेळ संपेपर्यंत हैरतजंग अंगावरून उतरायचा नाही. "मधीच उतरला तर त्या दिवशी परत येत न्हाई," गंगाधरराव म्हणत. त्यामुळे घरालाही नाटक करावं लागे. गोदाक्का पाहुण्यासाठी वेगळी कपबशी काढी. त्यांची एकुलती एक मुलगी शालन "उस्ताद, पानी" म्हणून तांब्या पुढे करी आणि आत जाऊन तोंडात पदर कोंबी.

शालन लग्नाची झाली आणि या घरात पहिली खरी काळजी शिरली. मुलगी सातवी पास, चुणचुणीत, कामाला वाघ. तरी दोन ठिकाणं हातची गेली. दोन्ही वेळा मी हजर होते. पाहुण्यांनी विचारलं, "मुलीला स्वयंपाक येतो ना?" गंगाधरराव म्हणाले, "असंल." विचारलं, "स्वभाव कसा आहे?" तर ते माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे माझ्या पायांकडे. पाहुणे जाताना आपसात कुजबुजले, की बाप काहीतरी लपवतोय.

दुसरा नकार आला त्या दिवशी गोदाक्का मला म्हणाली, "बाई, हाताला धरून सांगते, पोरगी ह्यांच्या गप्प बसण्यानं घरात ऱ्हाईल."

तिसरं ठिकाण आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचं होतं. मुलगा तलाठी, आई नसलेला. घरात वडील आणि वडिलांची बहीण. अक्षय तृतीयेनंतर येतो, असं पत्र होतं. मी तयारीची यादी करून ठेवली होती आणि तिच्यात पहिला मुद्दा होता, गंगाधररावांकडून पाच वाक्यं पाठ करून घेणे.

त्याआधी सोनारीच्या भैरोबाची जत्रा आली. शाळेला सुट्टी. दुपारी तीनला सोनारीत उस्तादांचा खेळ. सकाळी नऊला मागल्या भिंतीवरून गोदाक्काची हाक आली, "बाई, धावा! माझ्या हातून घोळ झाला!"

वाशीचे लोक, मुलाचे वडील आणि आत्याबाई, दारात आले होते. भैरोबाला निघालोच होतो, म्हटलं वाटेत मुलगीबी बघून जाऊ, असं त्यांचं म्हणणं. मुलाच्या वडिलांनी, अण्णांनी, दारातून विचारलं, "गंगाधरराव आहेत का?" आणि गोदाक्का इतक्या वर्षांच्या सवयीने बोलून गेली, "ते घरी न्हाईत. हैदराबादचे पाहुणे आलेत."

"आता काय करू?" तिने विचारलं.

"आता पोहे करा," मी म्हणाले. "शालनला हिरवं लुगडं. सतरंजी उलटी अंथरा, एका बाजूला डाग आहे. बाकीचं मी बघते."

पण बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आत उस्ताद खुर्चीवरून उठून "आइए, तशरीफ रखिए" म्हणत होते आणि अण्णांचा चेहरा उजळला होता. अण्णाही जुन्या उर्दू शाळेतलेच. "बऱ्याच वर्षांनी असली जबान कानावर पडली," ते म्हणाले आणि दोघे जे सुरू झाले, ते हैदराबादच्या बाजारातून, तिथल्या खरबुजांवरून, शिकवणाऱ्यांच्या छड्यांपर्यंत जाऊन आले. उस्तादांनी फडताळातून अडकित्ता काढून सुपारी कातरली. गोदाक्काने दिलेली पोह्यांची ताटली घेऊन आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि सगळं बघत होत्या.

मग अण्णा पुढे वाकले. "उस्ताद, तुम्ही तिऱ्हाईत, म्हणून विचारतो. घर कसं आहे? मुलगी कशी आहे?"

उस्ताद जे बोलले त्या उर्दूची मराठी करणं मला जमणार नाही, मुद्दे तेवढे सांगते. मुलगी बापाला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि वाईट बातमी असली तर गाळते. शेजारच्या बाईंच्या, म्हणजे माझ्या, मुलाला गोवर आला, तेव्हा चार दिवस त्याच्या उशाशी बसून होती. उलट उत्तर देते, पण तोंडावर देते, पाठीमागे नाही. ती आडावर हसली, की कचेरीतून येणाऱ्या माणसाला वळणावरच कळतं, आपलं घर आलं.

दारामागे शालन पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तिथेच थांबली. हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

आत्याबाई पहिल्यांदा बोलल्या. "अन् बाप कसाय? लोक म्हणतात घुम्या हाय. मनात काय तरी ठिवून बसतो."

"बाप..." उस्ताद म्हणाले आणि थांबले.

खेळाच्या दिवशी उस्तादांचे डोळे खाली गेलेले मी कधी पाहिले नव्हते. ते खाली गेले. त्यांनी दोन्ही हातांनी टोपी उतरवली.

"मीच त्यो," ते म्हणाले. आवाज गंगाधररावांचा होता. "मी गंगाधर. घरीच हाय. माफ करा."

दुपारचा खेळ गेला आणि तिसरं ठिकाणही गेलं, असा मी मनात हिशेब करून टाकला. अण्णांचं तोंड उघडं राहिलं होतं. आत्याबाई मात्र पदर सावरत म्हणाल्या, "मला ठाऊक हाय की. मागल्या जत्रेत माझ्या कानातून लिंबू काढलं तुमी, अन् अख्खी सोनारी मला हसली. दारातच ओळखलं. पर तुमी वळख देईनात, मग म्या कशाला देऊ?"

"अगं, मग मला तरी सांगायचंस!" अण्णा म्हणाले.

"तू खरबुजं खात होतास की हैदराबादची."

अण्णा आधी स्वतःच हसले. मग सावरून बसले. "बरं, गंगाधरराव. उस्तादांचं ऐकलं. आता मुलीच्या बापाचं ऐकू द्या. काय सांगायचंय तुम्हांला?"

गंगाधररावांच्या हातात टोपी गोल फिरत होती. मी मदतीला तोंड उघडलं, तर गोदाक्काने माझं मनगट घट्ट धरलं.

"तिला..." ते म्हणाले. "तिला सकाळी जाग येत न्हाई."

गोदाक्काने डोळे मिटले. मुलगी दाखवताना असलं वाक्य कोणा बापाने उच्चारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण ते थांबले नाहीत.

"हाका मारल्या की दचकती. मग दिवसभर गप्प गप्प ऱ्हाती. म्हणून हाक मारू नये. डोक्यावर नुसता हात ठिवायचा. उठती मग. मी ठिवतो रोज."

आत्याबाई पोहे खात होत्या, त्यांचा घास हातातच राहिला.

"किती वाजता ठिवता?"

"साडेपाचला."

"म्हंजी मला सव्वापाचला उठावं लागंल," त्या अण्णांकडे वळून भांडल्यासारख्या म्हणाल्या. "अन् तुझ्या पोरालाबी शिकवावं लागंल. त्याचा आवाज म्हंजी हाळी घातल्यागत."

दारामागे शालनच्या बांगड्या वाजल्या. अण्णांनी मान हलवली, ती होकाराची होती, हे गोदाक्काला माझ्या आधी कळलं.

आत्याबाईंचं मात्र अजून संपलं नव्हतं. "कुठं ठिवायचा म्हणालात हात? कपाळावर?"

"कपाळावर न्हाई." गंगाधरराव खुर्चीतून उठले. शेरवानी अंगात, डोकं उघडं. त्यांनी टोपी बाजूला ठेवली, वाकून उजवा हात पुढे केला आणि उशीएवढ्या उंचीवर, रिकाम्या हवेत, अलगद टेकवला. "हितं. भांगाच्या जरा मागं. अन् दाबायचा न्हाई. ठिवायचा, अन् थांबायचं."

आत्याबाईंनी ताटली खाली ठेवली आणि नीट बघून घेतलं.