सोडियमवाले वानखडे सर

सोमवारी सकाळी वानखडे सर स्टाफरूममध्ये आले, पिशवी खुंटीला अडकवली आणि खुर्चीत बसत म्हणाले, "सुमन गेली."

आमच्यापैकी कुणी मान वर केली नाही. माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचा ढीग होता, मी तपासतच राहिले. पण इंग्रजीचे नवे सर त्याच आठवड्यात रुजू झाले होते. ते बिचारे उठले, वानखडे सरांचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाले, "आजारी होत्या का?"

"नाही हो. चांगली चालून राह्यली होती. काल जाऊन पाह्यलं तं शॉर्ट झालेली."

सुमन ही बॅटरी आहे, हे नव्या सरांना मग मीच बाजूला घेऊन सांगितलं.

वानखडे सर आमच्या कारंज्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, मी मराठी. निवृत्ती समोर दिसायला लागल्यावर या गृहस्थांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय सोडियम धातूच्या बॅटरीचा. दर रविवारी एसटीनं अमरावतीला जायचं, तिथल्या प्रयोगशाळेत रुपयाच्या नाण्याएवढ्या बॅटऱ्या बनवून मशीनला लावायच्या आणि पुढच्या रविवारी त्या मेलेल्या पाहायच्या. बॅटऱ्यांना नावं किन्हीराजाच्या, म्हणजे त्यांच्या गावच्या आत्या-मावश्यांची. "नंबर टाकले का गोंधळ होते, मॅडम. आत्याले कोन विसरते?" अशा रीतीनं स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या आम्ही निम्म्या किन्हीराजाचं सुतक पाळलं.

सोडियमला पाणी चालत नाही. हवेतला दमटपणासुद्धा चालत नाही. म्हणून सगळं काम आर्गॉन वायू भरलेल्या बंद पेटीत, तिला बसवलेल्या जाड रबरी हातमोज्यांत हात घालून. त्याचा सरांच्या अंगावर परिणाम झाला. ते खडूसुद्धा दोन्ही हात लांब करून, चिमटीत धरून, श्वास रोखून उचलू लागले. आणि ओल म्हणजे त्यांची वैरीण. नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या त्यांच्या खिशात, डब्यात, हजेरीपटात. जगातलं काहीही बिघडलं, की त्यांचं निदान ठरलेलं : "ओल शिरली." प्राचार्य चिडले, ओल शिरली. एसटी बंद पडली, ओल शिरली.

एकदा मी थकून विचारलं, "सर, या बॅटऱ्या मरतात तरी काहून?" कारंज्यात इतकी वर्षं काढल्यावर ते 'काहून' माझ्याही तोंडी बसलंय.

सर खुलले. "सोडियम असं सासरी जाते, माहेरी येते. चार्जिंगले एकीकडे, वापरताना दुसरीकडे. परत आलं का गपगुमान जागेवर बसावं ना? नाही बसत. त्याले काटे फुटतात. काटा मधातला पडदा फाडून पलीकडे टेकला का खेळ खलास."

"मग उपाय?"

"मधातलं द्रावण. ते सोडियमले लागलं का त्याच्यावर खपली धरते. जखमेवर धरते तशी. खपली जाड नको, कडक नको, कडक असली का तडकते अन् तिथूनच काटा निघते. पातळ पाह्यजे, पन अखंड. क्षार कोनता, त्याले विरघळवाचं कशात, कोन किती, एवढंच माह्यं काम."

एवढंच काम, पण त्यात वर्षं जात होती. शिरपूरला एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात सरांनी नवरदेवाला कोपऱ्यात गाठलं. "दोघं कितीही चांगले असले ना बापू, तरी मधात द्रावण बरोबर लागते." नवरदेव घाबरून म्हणाला, "काका, मी घेत नाही. हात लावत नाही."

मग यशोदा आली. यशोदेच्या द्रावणात सरांनी जुना द्रावक सोडून दुसरा घेतला होता, क्षारही फ्लोरिनवाला. पहिल्या रविवारी ती जिवंत होती. पुढच्याही. आम्हाला सवय नसल्यानं चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. मराठीच्या तासावरून मी परत यावं, तर कुणीतरी सरांना विचारत असायचं, "यशोदा कशी आहे?" पावसाळा गेला, दिवाळी झाली, यशोदा चालतच होती. तशाच बनवलेल्या तिच्या बहिणीही चालल्या. सरांच्या मार्गदर्शकांनी सांगितलं, प्रयोग पुरे, आता प्रबंध लिहा.

स्टाफरूममध्ये पेढे वाटले. सरांनी पेढा चिमटीत धरला आणि तसाच ठेवून दिला. आम्ही एकाच गल्लीत राहतो. परतताना मी म्हटलं, "सर, आता तरी आराम करा. रविवारची धावपळ सुटली."

"हो," ते म्हणाले. थोडं चालून थांबले. "मॅडम, मंग रविवारी मी कुठं जाऊ?"

सरांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा परदेशात. घरी खोल्या तीन आणि माणूस एक.

"तिथं पोरं अस्तात रिसर्चचे," सर रस्त्याकडे बघत सांगू लागले. "मी जरा मोकळा दिसलो का वरडतात, काका, डबा उघडू नका, आमी येऊन राह्यलो. एक पोरगी माह्या भाजीत तिखट कमी म्हनून भांडते. मंग सगळे संगं जेवतो. एवढंच."

दिवसभराचा शीण माझ्या पायांत उतरला होता, तरी मी उभी राहिले. शाळेत भिंतीवर टांगलेला मूलद्रव्यांचा तक्ता आठवायचा प्रयत्न केला. विज्ञानात मी कशीबशी पास झालेली बाई.

"सर, त्या तक्त्यात सोडियमच्या खाली काय असतं?"

"पोटॅशियम. काहून?"

"त्याची बॅटरी होते?"

सर माझ्याकडे वळले. "होते. पन ते लय भडक, मॅडम. सोडियमच्या वरताण. त्याची खपली तं अजूनच नाजूक. पीएच.डी. झाल्यावरही त्याच्यामागं लागाचं म्हटलं तं..." ते मनातल्या मनात काहीतरी मांडत होते. चेहरा हळूहळू उजळत गेला.

"लय वर्षं लागतील," ते म्हणाले.