बेपत्ता खोल्या

जगातला सर्वश्रेष्ठ गुप्तहेर कोण, याचा शोधसम्राटांनी स्वतः कसून तपास केला होता आणि निकाल एकमताने त्यांच्याच बाजूने लागला होता. माणसाच्या शिंकेवरून ते त्याचा व्यवसाय ओळखत. व्यवसाय चुकायचा, ऐट चुकायची नाही. त्यांचा सहायक हे मुकाट ऐकून घेई. या वेळी मात्र गाऱ्हाणं त्याचंच होतं.

घरमालकाने भाडं दीडपट केलं होतं. महिनाअखेर घर सोडायचं आणि परवडेल असं दुसरं कुठेच मिळत नव्हतं. नाहीच मिळालं तर बायको-लेक सासुरवाडीला आणि हा इथे एकटा. शाळा सुटणार म्हणून लेकीने आत्तापासूनच रडायला घेतलं होतं.

"या प्रकरणात फार खोली आहे," शोधसम्राट म्हणाले.

"मला एकच पुरेल, साहेब."

आधी त्यांनी दलालाला धरलं. तो फोनवर "एक गेली, दुसरी उद्या जाईल" म्हणाला होता, म्हणजे उघड उघड खून. तो जागांबद्दल बोलत होता. मग संशय कोपऱ्यावरच्या नव्या कचेरीवर. तिथे पगार मोठे, म्हणून भोवती भाडी मोठी. हा तर्क बरोबर असण्याची शक्यता दिसताच त्यांनी तो सोडून दिला.

संध्याकाळी सहायकासोबत आपल्याच दारात उभे राहून त्यांनी गल्ली न्याहाळली. कितीतरी खिडक्या काळ्याकुट्ट.

"अंधारात बसणारी टोळी!" ते कुजबुजले.

"टोळी कसली? कुलपं आहेत," त्यांची बायको आतून म्हणाली. "भाडेकरू उठणार नाही ही धास्ती आणि भाव चढेल ही हाव. म्हणून मालक घरं बंद ठेवतात. मग उरलेल्यांवर झुंबड."

"नीच माणसं! एकाचं तरी नाव सांग."

"तुम्ही. माडीवरच्या दोन खोल्या किती वर्षं बंद आहेत?"

"तिथे पुरावे आहेत."

"रद्दी आहे. रीतसर करार करा आणि या भावजींना द्या."

शोधसम्राटांनी घसा खाकरला आणि बाजारभाव सांगितला.

"देईन की," सहायक म्हणाला. "फक्त माझा पगार तुम्हीच देता. तेवढा दुप्पट करा."

शोधसम्राटांनी बोटांवर हिशेब केला. त्यांचा चेहरा पडला, पाठोपाठ भाडंही पडलं.

"लेकीला सांगा, शाळा तीच," वहिनींनी माडीचं दार उघडत म्हटलं. सहायकाने आत पाहिलं, बाहीने डोळे टिपले आणि घोगऱ्या आवाजात "वहिनी..." एवढंच म्हटलं.

शोधसम्राटांनी त्याला निरखलं. "डोळे ओले, आवाज बसलेला. निष्कर्ष एकच. इथे धूळ फार आहे."

"हो साहेब," सहायक म्हणाला. "फारच."