चिमणीवाला बैल

इंजिनाचा बॉयलर म्हणजे आपल्या सासूबाईंच्या बैलाचं पोट आहे, हे गुणाकरला कळलं तेव्हा इंजिनाला फक्त रंगाचा शेवटचा हात द्यायचा राहिला होता.

कळलं ते असं. तान्हा पोळा दोन दिवसांवर आला होता. पोरांनी लाकडी बैल ओढत मिरवायचा हा सण, म्हणून त्याची बायको सुनंदा माळ्यावर चढून घरचा बैल सुटा सुटा खाली देत होती. उशीच्या खोळीतून मुंडकं आलं. तांदळाच्या पिशवीतून चार पाय आले. मग चाकांची पाटी, शिंगं, घुंगरमाळ.

"अन् धड?" ती वरून म्हणाली. "धड मी पोत्यात बांधून ठेवलतं. पोतं तं रिकामं हाय."

गुणाकरने पोत्याकडे पाहिलं. पोतं ओळखीचं निघालं.

पाटबंधारे खात्यातून घरी आला की गेले चौदा महिने तो मागच्या खोलीत दोनशे वर्षांपूर्वीचं विलायती वाफेचं इंजिन बनवत होता. एकास चार मापात, सगळं लाकडाचं. नकाशातले रिव्हेट त्याने भिंगातून मोजले होते, दोनशे बारा, आणि तेवढेच पितळी खिळे घासून बसवले होते. त्यातले सात महिने नुसते बॉयलरच्या लाकडापायी गेले, कारण बाजारातलं लाकूड ओलं निघे आणि आठ दिवसांत तडकायचं. शेवटी माळ्यावर एका पोत्यात हात-सव्वा हात लांबीचा, आयताच गोलसर, खडखडीत वाळलेला ठोकळा सापडला. त्याला एका टोकाला वर उगाच एक टेंगूळ होतं. ते त्याने रंधा मारून साफ केलं आणि त्या जागी चिमणी बसवली. खाली चार भोकं होती. त्यांत चाकांची बैठक इतकी चपखल बसली, की त्याने देवाला नारळ फोडला होता.

"सुनंदा," तो म्हणाला, "तू आधी खाली उतर. शिडी नीट धर."

सुनंदा उतरली. मागच्या खोलीत गेली. काळ्या-पिवळ्या इंजिनाभोवती तिने एक चक्कर मारली आणि खाली वाकून ती चार भोकं पाहिली. मग ती जमिनीवर बसली.

"वशिंड कुठं गेलं?"

"रंधून टाकलं."

"आई उद्या येऊन राह्यली," सुनंदा म्हणाली. गुणाकरने रंधा उचलून पाठीमागे धरला.

बैल सुनंदाच्या आईच्या वडिलांनी, महागू आजोबांनी, हाताने कोरलेला होता. कटंगीच्या घरचे खरे बैल विकून ट्रॅक्टर आला तेव्हापासून सुनंदाची आई शांताबाई बैलाचं जे काही करायचं ते सगळं या लाकडी बैलाचंच करत. आधी तो वारासिवनीला थोरल्या मंजूकडे असे. एका वर्षी मंजूच्या नवऱ्याने, विवेकने, अंघोळ करून आल्यावर बैलाच्या शिंगांवर टॉवेल वाळत घातला. शांताबाईंनी बैल उचलला, बस पकडली आणि इथे बालाघाटला धाकटीकडे, सुनंदाकडे, आणून ठेवला. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. विवेकशी त्या अजून बोलत नाहीत आणि मंजूला फक्त दिवाळीत फोन करतात. सुनंदाला मात्र रोज सकाळी आठला फोन येतो. त्याशिवाय सुनंदाच्या घरात चहा उतू जात नाही की भाजी चिरली जात नाही.

"टॉवेलले अकरा वर्षं," सुनंदा म्हणाली. "रंध्याले किती होतीन, हिशेब करा."

गुणाकरने केला. शांताबाई तेव्हा एकशे चाळीसच्या पुढे असत्या.

दुलीचंद सुताराच्या दुकानात बैलच बैल उभे होते. त्याने मान वर न करता सांगून टाकलं, "नवीन धड? बाबूजी, आज देव जरी उतरला न, तरी त्याले मी दिवाळीनंतर ये म्हनतो."

गुणाकरने सगळी हकिकत सांगितली. दुलीचंदने रंधा खाली ठेवला. तोही कटंगीचाच होता.

"शांताबाईचा बैल?"

"हौ."

"माह्या दुकानात आल्ते असं कोनाले सांगू नका."

तरी बिचारा घरी आला, पण मागच्या दाराने. इंजिनाची चाकं काढली, पाय बसवले, मुंडकं ठोकलं. बैल उभा राहिला. चेहरा तोच होता, जरा गरीब, जरा दमलेला. मानेच्या मागून मात्र दीड फुटाची काळी चिमणी सरळ वर गेली होती.

"हे कापून टाकू," दुलीचंद करवत काढत म्हणाला. "दोन मिन्टाचं काम."

"नाही," गुणाकर म्हणाला.

"नाही काहून?" सुनंदाचा आवाज चढला. "तुमाले चिमणी पाहिजे का मी पाहिजे?"

गुणाकर विचार करू लागला. तो इतका वेळ विचार करत राहिला की दुलीचंदने करवत पिशवीत टाकली, "तुमचं घरचं तुमी पाहा," म्हणाला आणि निघून गेला.

मग सुनंदानेच पदर खोचला. पितळी खिळे झाकायला लांब झूल शिवली. चिमणीला सोनेरी कागद गुंडाळून वर झेंडा लावला. आणि वशिंड म्हणून चिमणीच्या बुडाशी घट्ट कणकेचा गोळा थापून त्याला बैलाचा रंग दिला. लांबून पाहिलं तर बैल वाटत होता. शांताबाई लांबून पाहणाऱ्यांतल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने त्या आल्या. पाणी घेतलं नाही, पाय धुतले आणि थेट बैलापाशी.

"हे काय उभं हाय?"

"झेंडा, मामीजी," गुणाकर म्हणाला. सासूला तो मामीजी म्हणे.

"कोनाचा?"

"बैलाचाच."

"नानी, अच्छा लग रहा है ना?" सुनंदाची दहा वर्षांची मुलगी अबोली म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं. कोणी विचारलंच तर रडायला लाग, असं आईने तिला बजावलं होतं.

शांताबाई हुंकारल्या. गुणाकरला वाटलं, निभावलं. तेवढ्यात त्या स्वयंपाकघराकडे वळून म्हणाल्या, "सुनंदा, तूप कोमट कर. हळद टाक. खांद शेकाची हाय."

खांदशेकणी! वर्षभर जू ओढून दुखणारे बैलाचे खांदे सणाच्या आदल्या दिवशी गरम तुपा-हळदीने शेकायचे आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. या बैलाने जन्मात जू पाहिलेलं नव्हतं आणि त्याचा सण तान्हा पोळा म्हणून शेकणीही एक दिवस उशिरा होई, पण शांताबाईंचा नेम कधी चुकला नव्हता. घाबरायच्या भरात नवरा-बायको दोघंही हे विसरले होते.

शांताबाईंनी पळसाचं पान तुपात बुडवलं आणि वशिंडावर दाबलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा दाबलं. गुणाकर भिंतीला पाठ लावून उभा होता. कणीक तूप प्यायला लागली होती. तिसऱ्या वेळी शांताबाईंचा हात थांबला.

"जावईबापू."

"जी."

"वशिंड नरम लागून राह्यलं."

"म्हातारा झाला न मामीजी तो."

"लाकडाचा हाय तो."

"हौ," गुणाकर म्हणाला. अबोलीने वेळ ओळखली आणि रडायला सुरुवात केली.

"इले काय झालं?"

"पोट दुखून राह्यलं तिचं," सुनंदा म्हणाली.

शांताबाईंनी बोटं नाकाशी नेली, हुंगली, पदराला पुसली. मग बैलाच्या कानाशी वाकून उद्याचं आमंत्रण दिलं आणि उठल्या. त्यानंतर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पुरणपोळी खाताना नाही, पान खाताना नाही. गुणाकरला त्या बोलतात तेव्हा भीती वाटायची. त्या गप्प बसल्या की काय वाटतं, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

सकाळी दहाला मारुतीच्या देवळासमोरच्या मैदानात तान्हा पोळा भरला. दुपारी पाऊस येतो म्हणून हल्ली सकाळीच भरवतात. तीसेक पोरं आपापले बैल घेऊन रांगेत उभी होती. बक्षीस द्यायला वॉर्डाचे पुढारी भैयालालजी खुर्ची टाकून बसले होते. शांताबाई पहिल्या रांगेत. गुणाकर त्यांच्या मागे, पळायला बरं पडेल अशा जागी.

अबोलीने दोरी ओढली. बैल पाच पावलं छान चालला. सहाव्या पावलाला चाक दगडावर चढलं, बैल हेलकावला आणि वशिंड टप्पकन खाली पडलं. एक कुत्रं कुठूनसं आलं, त्याने वशिंड हुंगलं, तोंडात धरलं आणि देवळामागे पळालं. झूल घसरली. सोनेरी कागद फाटला. दोनशे बारा खिळे उन्हात चमकले आणि मधोमध काळी चिमणी ताठ उभी राहिली.

सुनंदाने डोळे मिटले.

"अम्मा," भैयालालजी खुर्चीतून उठत म्हणाले, "ये क्या है?"

सगळं मैदान शांताबाईंकडे पाहत होतं. शांताबाई बैलाकडे पाहत होत्या. गुणाकर शांताबाईंकडे पाहत होता, आणि त्याला दिसलं, की त्यांनी एकदा मागे उभ्या बायकांकडे चोरून पाहिलं.

"इंजिन हाय," शांताबाई म्हणाल्या. "दिसत नाही का?"

"बैल में इंजन?"

"माह्या बापानं बनवलं. महागू मिस्त्री. रेल्वेत होते ते."

महागू आजोबांनी जन्मभर धान लावलं होतं. रेल्वेत ते एकदाच बसले होते, तेही तिरोडीला जायचं असताना उलट्या गाडीत.

"साहेब लोक यायचे पाहाले," शांताबाईंचा आवाज आता मोकळा होत होता. "झूल टाकूनच ठेवतो आमी त्याले. नजर लागते."

"वाह!" भैयालालजींनी चिमणीवरून हात फिरवला. "अम्मा, इसमें से धुआँ भी निकलता था?"

"निकलता था म्हंजे?" शांताबाई म्हणाल्या. "अब भी निकलता है!"

पहिलं बक्षीस, स्टीलची बादली, अबोलीला मिळालं. टाळ्या वाजल्या. तिघंही मोठी माणसं बादलीमागून खाली मान घालून घरी आली.

घरी आल्यावर शांताबाईंनी दार आतून लावलं, कडी ओढून पाहिली आणि खाटेवर बसल्या. सुनंदाने पाणी दिलं. गुणाकर समोर उभा राहिला. बोलायचं ते त्याने ठरवून ठेवलं होतं.

"मामीजी, चूक माझी हाय. सुनंदाले काही माहीत नव्हतं. तुमी माह्याशी बोलू नका, पन तिच्याशी..."

"ते राहू द्या," शांताबाई म्हणाल्या. "धूर निघते न याच्यातून?"

"नाही."

"जरासाही नाही?"

"ठोस लाकूड हाय, मामीजी. चिमणी वरून दोन बोटं पोकळ हाय. दिसण्यापुरती."

शांताबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा वाजले होते. "पाच वाजता भैयालाल पेपरवाल्याले घेऊन येऊन राह्यला. फोटो काढतो म्हने. वारासिवनीलेही जाते न तो पेपर?"

"हौ," सुनंदा म्हणाली. "मंजूताईकडे रोज येते."

गुणाकरने बैलाखाली वाकून पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, "खालून भोक पाडून चिमणीपर्यंत नेलं, आत उदबत्त्या लावल्या, तं निघन धूर. पन पोट फोडा लागन."

शांताबाई उठल्या. बैल खाटेवर आडवा केला, दोन्ही हातांनी शिंगं घट्ट धरली आणि हनुवटीने भोक पाडायच्या गिरमिटाकडे खूण केली.

"पाडा," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "पन हळू, जावईबापू. बापाच्या हातचा हाय."