हसूकाका आणि सोळा वर्षांचे सिनेमे

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले हसूराम भोईर बहात्तर वर्षांचे आहेत आणि ते फक्त सोळा वर्षांच्या मुलामुलींचे सिनेमे बघतात. एखाद्या सिनेमातली पोरं मोठी होऊन नोकरीबिकरीला लागली, की काका रिमोट उचलतात. "अठरा जाली का त्यो सिनेमा नाय बाय, ती लग्नाची क्यासेट," असा त्यांचा निकाल असतो.

पांढऱ्या मिशा, गळ्यात करंगळीएवढी जाड साखळी आणि आवाज असा, की लिफ्टमध्ये बोलले तर गच्चीवर ऐकू यावं. नेरे गावची शेती सुटल्यावर मुलाने त्यांना आणि काकूंना इथे नवीन पनवेलात आणून ठेवलं. त्यांच्या वयाची बाकीची मंडळी खाली बाकावर बसून भाऊबंदांच्या नावाने खडे फोडतात. काका मात्र सकाळी दहाला आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीसमोर बसतात. घरात सदरा कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पोरांच्या म्होरं जायचा तं नीट जावा."

आमची ओळखही अशीच झाली. मी राहायला आले त्याच आठवड्यात बेल वाजली. दारात काका. "मास्तरीनबाय, सोला वर्सांचा काय नवीन आलाय का?" मी शाळेत नववी-दहावीला शिकवते. मला वाटलं, नातवाच्या प्रवेशाचं विचारतायत. मी कागदपत्रांची यादी सांगायला लागले. काकांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि मग म्हणाले, "आनि गानी किती हायेत?"

तेव्हापासून त्यांच्या टीव्हीवर सिनेमे शोधून देणं हे माझं काम झालं. मोबदल्यात मला जे शिक्षण मिळालं, ते बीएडला मिळालं नव्हतं.

काकांना सगळी दशकं तोंडपाठ. "पयल्या काल्यापांढऱ्यात पोर सोलाची म्हनायची आनि नटी बत्तीसची. तिचीच पोरं शालंत जात आसतील! मंग रंग आला, तवा चिठ्ठी आली. चिठ्ठी पुस्तकान, पुस्तक दुसऱ्याच्याच हातान. त्याच्या मागून मोटारसायकली आल्या आनि बापांची दुश्मनी. दोन बाप एक डाव च्या प्यायला बसले आसते, तं धा मिन्टांत सिनेमा सपला आसता. मंग कालेज आला. तीन तासांत एक बी मास्तर वर्गान येत नाय! आनि आत्ताची पोरं? खोलीचा दरवाजा लावून बसतान. पयलं खोलीच नव्हती, तं दरवाजा कुठला?"

मी थक्क होऊन ऐकत राहायचे. मराठी, हिंदी तर झालेच. पण मल्याळी, इराणी, कोरियन, अमेरिकन, काही म्हणजे काही सोडलेलं नाही. खालची अक्षरं वाचायला त्यांना वेळ लागतो, म्हणून ते वाचतच नाहीत.

"मग कळतं कसं, काका?"

"सोला वर्सांचा पोर बोलतो काय? दार आपटतो. दार सगलीकडं सारकाच वाजतो."

सिनेमा संपला की ते मार्क देतात. पण हिरोला नाही, हिरॉइनला नाही, गाण्यांनाही नाही. मार्क फक्त बापाला. "पोरं पास. बाप नापास." किंवा क्वचित कधीतरी, खूश होऊन, "ह्या बापाला साठ दे."

एकदा माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी अचानक गप्प झाली. घरी विचारून झालं, समुपदेशक बाई बोलून झाल्या. मी सहज काकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "डबा कोनाबरोबर खाते?" दुसऱ्या दिवशी मी पाहिलं. एकटीच खात होती. तिच्या मैत्रिणीने बाक बदलला होता, एवढंच कारण. दोघींना एका नाटुकल्यात घेतलं, आठवड्यात गाडी रुळावर. मी पेढे घेऊन गेले, तर काका म्हणाले, "त्यात काय? पंधरा-वीस सिनेमांत हायच ता."

मागच्या महिन्यात त्यांची मुलगी सुनंदा चुलतभावाच्या हळदीला आली. ती नाशिकला बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, वय सत्तेचाळीसच्या आसपास. हसरी, बोलकी बाई. पण वडिलांशी बोलताना काउंटरवरच्या ग्राहकाशी बोलावं तसं. जेवलात का, गोळी घेतली का, बरं.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काका माझ्या दारात आले आणि चक्क हळू आवाजात एका सिनेमाचं नाव सांगितलं. "त्यो लावून दे. आनि तू बी बस. मी एकलाच आसलो तं ती उठून जाईल."

सिनेमा साधाच होता, तीसेक वर्षांपूर्वीचा. काकांनी इतक्या सिनेमांचं रसग्रहण माझ्यापुढे केलं, पण याचं नाव कधीच काढलं नव्हतं. मी काही विचारायच्या आत तेच बोलायला लागले.

"अकरावीला व्हती. कोनीतरी येऊन बोलला, तुजी पोर टाकीजात बसलीय. शेतातून तसाच टाकीजात जेलो, चिखलाच्या पायांनी. गाना चालू व्हता, सगल्यांच्या देखत हात धरून वडून भायेर काढली. शेजारच्या खुर्चीवर पोरगा व्हता. भायेर आनून कानाखाली मारली. चार दिसांनी परत जेलो, एकलाच. बघू तं, काय वंगाल दाखवतान. काय नव्हता बाय. पोरं सायकल चालवत व्हती."

"मग तिला सांगायचं ना, काका!"

"काय सांगू? तवापासून तं बघतोय, बाप कसा बोलतो ता. पन त्या बापांना डायलॉग लिवून देनारा कोनतरी व्हता. मना नव्हता."

मी त्यांच्या घरी जाऊन सिनेमा लावला. काकूंनी सुनंदाला हाक मारून बसवलं. ती दाराजवळच्या खुर्चीत फोन बघत बसली. काकांनी माझ्या हातातून रिमोट घेतला आणि सिनेमा पुढे पळवत एका गाण्याच्या मध्यावर आणून थांबवला. मग सोडला. मुलं सायकली घेऊन उतारावरून येत होती.

सुनंदाने मान वर केली. फोन मांडीवर उलटा ठेवला. गाणं संपलं, मध्यंतर झालं, उरलेला अर्धा सिनेमा सुरू झाला. काका पडद्याकडे बघतच नव्हते. मुलीकडे बघायचा धीरही त्यांना होत नव्हता. ते आपल्या गुडघ्यांकडे बघत होते.

शेवटी पाट्या वर सरकू लागल्या. सुनंदा म्हणाली, "तुम्ही पाहिला होता हा?"

"चार दिसांनी. मंग बरेचदा." काकांनी घसा खाकरला. "चुकला माजा. त्यो पोरगा बी... मना नंतर वाटला, नीट इचारला आसता तं..."

"कोण पोरगा?"

"त्यो. शेजारचा."

सुनंदा एकदम हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बाबा, तो कोण होता मलाच माहीत नाही! तुम्ही मला ओढलंत तेव्हा तो बिचारा आपलंच काहीतरी चुकलं म्हणून मागच्या दाराने पळाला!"

"मंग तू कोनाबरोबर?"

"कोणाबरोबर नाही. मैत्रिणी ऐनवेळी आल्याच नाहीत. मी एकटीच बसले होते."

तीस वर्षं ज्या पोराला त्यांनी मनातल्या मनात माफ केलं होतं, कदाचित जावई म्हणूनही घरात घेतलं होतं, तो नव्हताच. होती फक्त त्यांची मुलगी, अंधारात एकटी.

"एकलीच?" ते पुटपुटले. "मी बी एकलाच बसलो व्हतो."

सुनंदा उठली. मला वाटलं, आत जाणार. ती काका बसले होते त्या दिवाणाजवळ आली आणि म्हणाली, "सरका जरा."

काका सरकले.