माळरानाचं कुलूप आणि अध्यक्षांची फाईल

एका जंगलात एक यंत्र होतं आणि ते नीट चालत होतं. खरं तर बाळांनो, गोष्ट इथंच संपायला हवी. पण नीट चाललेलं ज्यांना बघवत नाही असे प्राणी प्रत्येक जंगलात असतात, आणि त्यांना बहुधा स्वतंत्र केबिन असते.

या जंगलाचं नाव आमराई. इथं सिंह नव्हता. आपल्याकडच्या जंगलात सिंह नसतोच, तो फक्त गोष्टींत असतो. इथं होतं जलवाटप मंडळ. आमराई, खाडीकाठ आणि माळरान अशा तीन जंगलांचं मिळून ते एक मंडळ होतं, आणि त्याचे अध्यक्ष होते रायभान अस्वल. ते बहुतेक वेळ बैठकीत असत. बैठक नसे तेव्हा ते बैठकीची वाट बघत.

आमराईतल्या यंत्राचं काम साधं होतं. बंधाऱ्याचं दार उचलायचं, कळपांना पाणी पाजायचं, दार पाडायचं. त्यासाठी जनू नावाच्या माकडानं सी भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला होता. सी ही फार जुनी भाषा. तिच्यात तुम्ही चुकीचं काही लिहिलंत तर ती रागावत नाही. सांगाल ते निमूटपणे करते आणि तुम्हाला खुशाल तोंडावर पडू देते. म्हणून हुशार प्राण्यांना ती फार आवडते.

जनूच्या प्रोग्रॅमला चार हात होते. मोठी माणसं त्यांना थ्रेड म्हणतात, आपण हातच म्हणू. एक हात दार उचले. दुसरा पाण्याची पातळी मोजे. तिसरा कळपांना हाक मारी. चौथा बाहेरच्या फलकावर मजकूर लावी. चौघांचं काम एकाच वेळी चाले, पण आत सगळी टिपणं ठेवायला पाटी एकच होती. चौघांनी एकदम लिहिलं असतं तर नुसती गिचमिड झाली असती. म्हणून जनूनं पाटीला कुलूप लावलं. ज्याच्याकडे कुलूप त्यानंच लिहायचं, बाकीच्यांनी थांबायचं.

हे सगळं लिहून जनूनं शेवटी एक ओळ टाकली, ‘याला हात लावू नये, चालतंय.’ आणि बढती घेऊन तो दुसऱ्या जंगलात निघून गेला.

मंडळाचे प्रकल्प प्रमुख होते चंद्रसेन मोर. त्यांना स्वतःला प्रोग्रॅम लिहिता येत नसे, पण त्याच्याबद्दल बोलताना त्यांचा पिसारा आपोआप फुले. एका बैठकीत त्यांनी तो फुलवला आणि घोषणा केली, “एकच प्रोग्रॅम, तिन्ही जंगलं! पोर्टेबल!”

“म्हणजे काय?” रायभानांनी विचारलं.

“म्हणजे साहेब, कुठंही न्या. तसाच चालणार.”

“छान. उद्घाटन कधी?”

अशा रीतीनं तारीख आधी ठरली. मग काम कोण करणार ते ठरलं. ते वत्सला साळिंदर करणार होती, कारण ती बैठकीला नव्हती.

वत्सला जरा काटेरी होती, पण कामाला चोख. तिनं जनूचा प्रोग्रॅम वाचला आणि तिचे काटे उभे राहिले. त्याचं असं आहे बाळांनो, प्रत्येक यंत्राला एक कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. प्रोग्रॅमला हात हवा असो, कुलूप हवं असो, कारभाऱ्याकडेच मागावं लागतं. आणि तिन्ही जंगलांतल्या यंत्रांचे कारभारी वेगळे होते. प्रत्येकाची भाषा वेगळी, अर्जाचा नमुना वेगळा, आणि दुसऱ्याचा नमुना चालणार नाही याबद्दल मात्र तिघांचं एकमत.

“तीन महिने लागतील,” वत्सला म्हणाली.

“अहो वत्सलाबाई, नावंच तर बदलायचीयत,” चंद्रसेन म्हणाले. “तीन आठवडे घ्या. सढळ हातानं देतोय.”

वत्सलानं प्रोग्रॅम आणि कारभारी यांच्या मधे एक दुभाष्या लिहायला घेतला. प्रोग्रॅम दुभाष्याशी बोलेल, दुभाष्या ज्या त्या कारभाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलेल. कल्पना उत्तम होती. पण शब्दाला शब्द मिळाला म्हणून अर्थ मिळतोच असं नाही, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. जनूनं लिहिलं होतं, ‘दार उघड, साठ हजार थांब, दार पाड.’ आमराईचा कारभारी सेकंदाचा हजारावा भाग मोजतो. त्याच्या हिशेबी साठ हजार म्हणजे एक मिनिट. खाडीकाठचा कारभारी अख्खे सेकंद मोजतो. तिथं दार सोळा तास चाळीस मिनिटं उघडं राहिलं असतं आणि सशांची वस्ती समुद्राला मिळाली असती.

वत्सलानं ती चूक पकडली. चंद्रसेनांनी तिचं भर बैठकीत कौतुक केलं आणि अहवालात स्वतःचं नाव घातलं.

मग तिला दुसरी चूक सापडली. दार उचलणारा हात आधी कुलूप घेई. मधेच त्याला पातळी बघावी लागे. आणि पातळी बघायच्या कामाची पहिलीच ओळ होती, ‘कुलूप घे.’ म्हणजे ज्याच्या मुठीत कुलूप आहे तोच हात पुन्हा कुलूप मागायला जाई. आमराईचा कारभारी सैल स्वभावाचा. तो म्हणे, “अरे, तुझ्याकडेच आहे की! जा आत.” माळरानाचा कारभारी नियमाचा पक्का. तो म्हणणार, “कुलूप दिलेलं आहे. घेणाऱ्यानं परत केलं की मिळेल. तोवर थांब.” कुणी घेतलंय हे तो बघत नाही. आणि हातही सांगत नाही, कारण हाताला सांगितलं तेवढंच कळतं.

“हे माळावर अडकेल,” वत्सला म्हणाली.

“आमराईत अडकलं का?”

“नाही.”

“मग?”

“तिथला कारभारी वेगळा आहे. निदान एकदा माळावर नेऊन चाचणी करू.”

“माळावर फार ऊन असतं हो,” चंद्रसेन म्हणाले. “आणि यंत्र ते यंत्र. आमराईत चाललं की चाललं. पहिली चूक दाखवलीत, आम्ही मान्य केली. रोज एक चूक काढायला लागलात तर मंडळाचं मनोबल कसं टिकणार?”

चाचणी आमराईतच झाली, आंब्याच्या सावलीत. ती शंभर टक्के यशस्वी झाली. वत्सलानं तरीही दुरुस्ती लिहून ठेवली. तीनच ओळी होत्या. पण मंजुरीशिवाय एक ओळही बदलायची नाही असा मंडळाचा नियम होता, आणि मंजुरीसाठी तिनं त्या ओळी फाईलला लावल्या. जंगलात कागद हरवायचा सगळ्यात सुरक्षित मार्ग तोच आहे.

आता माळरानाबद्दल सांगतो. वैशाखात तिथं बंधारा सोडला तर पाण्याचा थेंब नसतो. बंधाऱ्याचं दार इतकी वर्षं भैरू गवा डोक्यानं उचलत आला होता. यंत्र येणार म्हणून त्याचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला. त्यानं श्रीफळ तिथंच खाल्लं, शाल घरी जाऊन खाल्ली, आणि तो निवृत्त झाला.

उद्घाटनाच्या दिवशी माळावरचे सगळे कळप जमले. पुढं उभी होती गोदाक्का, म्हातारी चितळीण. तिच्यामागं सोळा पाडसं. भैरू निवृत्त आणि नवं यंत्र सुरू नाही, अशा अवस्थेत दोन दिवस गेले होते. पाडसांच्या जिभा बाहेर आल्या होत्या.

“बाई, पानी येईल न्हवं?” तिनं वत्सलाला विचारलं. “दुसरं पानी तीन कोसावर हाय. मी जाईन कशीबशी. ही पोरं न्हाई पोचायची.”

“येईल, आक्का,” वत्सला म्हणाली. खोटं बोलताना तिला इतकी लाज वाटली की तिनं नजर खाली घातली.

रायभानांनी फीत कापली. चंद्रसेनांनी पिसारा फुलवला. बटण दाबलं. यंत्र घरघरलं, दार बोटभर हललं, आणि थांबलं. बाहेरच्या फलकावर अक्षरं उमटली, ‘पाणीपुरवठा सुरू आहे.’ टाळ्या झाल्या.

मग टाळ्या संपल्या. पाणी आलं नाही.

“काय करतंय ते?” रायभानांनी विचारलं.

“दाराचा हात वाट बघतोय, साहेब,” वत्सला म्हणाली.

“कुणाची?”

“ज्याच्याकडे कुलूप आहे त्याची.”

“मग त्याला बोलवा!”

“तो तोच आहे, साहेब.”

रायभानांनी बराच वेळ विचार केल्यासारखा चेहरा केला. यंत्रात दाराच्या हातामागं उरलेले तीन हातही पाटीसाठी खोळंबले होते.

“माझी दुरुस्ती फाईलमध्ये आहे. तीन ओळी. मंजुरी द्या, घटकाभरात पाणी देते,” वत्सला म्हणाली.

“अवश्य!” रायभान म्हणाले. “फाईल आणा.”

फाईल आली. रायभानांनी ती मंडळाचे अध्यक्ष या नात्यानं ताब्यात घेतली, ताबा-चिठ्ठीवर सही केली आणि पेन उचललं. मग त्यांना नियम आठवला. तांत्रिक समितीचा अभिप्राय असल्याशिवाय अध्यक्षांना मंजुरी देता येत नाही. आणि तांत्रिक समितीचे अध्यक्ष होते रायभान अस्वल.

“मग आता द्या ना अभिप्राय,” वत्सला म्हणाली.

“असं कसं? अभिप्राय द्यायला समितीकडे फाईल हवी. फाईल मंडळाच्या ताब्यात आहे.”

“मंडळाचे अध्यक्ष तुम्हीच आहात.”

“व्यक्तिशः घेऊ नका, वत्सलाबाई. एका वेळी फाईल एकाच्याच ताब्यात. पूर्वी दोन समित्यांनी एकदम शेरे लिहिले होते आणि पान फाटलं होतं, तेव्हापासून नियम आहे. मी समितीतर्फे मंडळाला पत्र लिहितो. फाईल द्या म्हणून.”

त्यांनी पत्र लिहिलं. मग खुर्चीच्या दुसऱ्या बाजूनं बसून ते वाचलं. उत्तर दिलं, ‘अभिप्राय आल्याखेरीज फाईल सोडता येणार नाही.’ मग पहिल्या बाजूला बसले आणि वाट बघू लागले. चंद्रसेन त्यांच्या मागं उभे राहिले. त्यांच्या मागं कारकून.

वत्सलानं एकदा यंत्राकडे बघितलं आणि एकदा रायभानांकडे. तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती तडक भैरूच्या गोठणावर गेली.

“भैरूदादा, दार उचलायचंय.”

“म्या रिटायर हाय.”

“पाडसं आहेत.”

भैरू उठला.

वत्सलानं यंत्राची वायर उपटली. भैरूनं मान खाली घातली, कपाळ दाराला लावलं आणि एका दमात दार वर. पाणी आलं. या सगळ्या गोष्टीत मला हा एकच भाग आवडतो, म्हणून तो घाईनं उरकणार नाही. सगळ्यात धाकटं पाडस धावत आलं, पुढच्या दोन्ही पायांनी चिखलात घसरलं, नाकपुड्या बुडवून प्यालं, शिंकलं, आणि पुन्हा प्यालं. गोदाक्का शेवटी प्याली.

चंद्रसेनांनी अहवाल लिहिला, ‘दार उघडले. पाणी आले. प्रकल्प तिसऱ्या जंगलातही यशस्वी.’ सोबत त्यांनी वत्सलाला नोटीस काढली, चालू यंत्रणेची वायर उपटल्याबद्दल. नोटीस मंजुरीसाठी फाईलला लावली. त्यामुळे वत्सला अजून नोकरीत आहे.

वायर मंडळानं सन्मानानं पुन्हा जोडली. यंत्र सुरू झालं आणि तिथंच अडकलं. आता रोज सकाळी भैरू येतो, दार उचलतो, कळप पितात. फलकावर ‘पाणीपुरवठा सुरू आहे’ असं असतं, आणि ते आता खरंही असतं.

परवा गोदाक्कानं पाणी पिता पिता वत्सलाला विचारलं, “बाई, अस्वलसायेब अजून बसल्यात व्हय? कुनाची वाट बघत्यात?”

“स्वतःची.”

“आन् ते यंत्र?”

“तेही स्वतःचीच.”

गोदाक्कानं दोघांकडे नीट निरखून बघितलं.

“मंग यंत्र बराबर चालतंय म्हना की,” ती म्हणाली.

तात्पर्य: एका जंगलातला प्रोग्रॅम दुसऱ्या जंगलात न्यायचा तर ओळ न् ओळ तपासावी लागते, दुभाष्या बसवावा लागतो, आणि तरीही तो अडकतो. समितीला यातलं काही लागत नाही. ती कुठल्याही जंगलात न्या, पहिल्याच दिवशी तशीच अडकते. म्हणून बाळांनो, मोठेपणी प्रोग्रॅम लिहू नका, समितीवर जा.