घरगाडीची पायरी आणि निरीक्षण क्रमांक अकरा

"पायरीच आहे ना? दुपारपर्यंत करून देतो," असं जावयाने बुधवारी सकाळी जाहीर केलं. ज्या सुरात केलं, त्या सुरात माणसं सहसा धरणं बांधण्याच्या घोषणा करतात.

जावई भौतिकशास्त्राचा पदवीधर होता, आणि ही माहिती समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत मिळेल याची तो काळजी घेत असे. मोजल्याशिवाय त्याचा कशावरच विश्वास बसत नसे. चहा किती गरम आहे हे तो थर्मामीटर बुडवून बघायचा. तेवढ्यात चहा गार व्हायचा, आणि मग तो त्याचीही नोंद करायचा.

पण त्याच्यावर पायरी सोपवायला कारण होतं. गेल्या रविवारी त्याने सासूबाईंच्या काठीचा प्रश्न सोडवला होता. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काठी हा त्यांचा तिसरा पाय होता, आणि हा तिसरा पाय कुठेही टेकवला की घसरून पडायचा. जावयाने काठीच्या मुठीत एक चुंबक बसवला. दिसायला शर्टाच्या बटणाएवढा, पण फ्रीजला काठी लावली की सोडवायला दोन हात लागत. वर असा गोंद लावला की तो सात जन्म निघणार नाही, असं त्याने स्वतःच सांगितलं. सासूबाई खूश झाल्या. सासऱ्यांना जावयाबद्दल लग्नानंतर प्रथमच काहीतरी बरं वाटलं, आणि त्या भरात त्यांनी त्याला पायरी दाखवली.

ही पायरी सासऱ्यांनी आठवड्यापूर्वी घेतलेल्या सेकंडहँड मोटरहोमची होती. घरात तिला सगळे घरगाडी म्हणत. सासूबाईंनी चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवलं होतं. त्यांची थोरली बहीण दोन दिवसांच्या प्रवासावर राहायची, अंथरुणाला खिळलेली, आणि दोघींची सहा वर्षांत भेट नव्हती. साध्या गाडीत नवा गुडघा इतका वेळ दुमडून बसणं अशक्य. घरगाडीत निदान आडवं होता येत होतं. सासूबाईंची अट एकच होती. मी माझ्या पायांनी चढणार. मला उचलायचं नाही, मागून ढकलायचं नाही, आणि स्टूल ठेवून सर्कस करायची नाही.

घरगाडीचं दार जमिनीपासून बरंच उंच होतं. म्हणून दाराखाली विजेवर चालणारी पायरी. दार उघडलं की ती सरकत बाहेर यायची, दार लागलं की आत जायची. निदान तसा तिचा करार होता. प्रत्यक्षात ती कण्हत कण्हत अर्ध्यावर यायची आणि तिथेच थांबायची. वर्कशॉपने पुढच्या महिन्यातली तारीख दिली होती. विकणाऱ्याने मात्र गाडी परत घ्यायची मुदत दिली होती शनिवारी दुपारी बारापर्यंतच. सासऱ्यांनी हिशेब सरळ ठेवला. शनिवारी दहाला पायरी चालली तर बहिणीकडे जायचं, नाही चालली तर गाडी परत. बहिणीला फोनवर यातलं पहिलं अर्धंच सांगितलं होतं. ती खाट खिडकीकडे सरकवून घेऊन बसली होती.

तर बुधवार. जावई गाडीखाली शिरला. पायरीच्या सांध्यांत चिखल वाळून दगड झाला होता. तो त्याने ब्रशने काढला, आणि मग मोठ्या मनाने डबाभर ग्रीस लावलं. पायरी लोण्यातून सुरी यावी तशी बाहेर आली! जावयाने दार चाळीस वेळा उघडलं, चाळीस वेळा लावलं. दुपारी वारा सुटला, अंगणातली सगळी धूळ त्या ग्रीसवर येऊन राहायला लागली, आणि संध्याकाळी पायरी बाहेर यायचीच बंद झाली. आधी निदान अर्ध्यावर यायची.

सासरे पायरीजवळ खुर्ची टाकून गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचत बसले होते.

"संशोधक," ते म्हणाले, "इथे ठळक अक्षरांत लिहिलंय, सांध्यांना ग्रीस लावू नये, धूळ धरते. कोरडा स्प्रे मारावा."

"बाबा, तुम्ही हे कधी वाचलंत?"

"सकाळी. तू घोषणा करत होतास, मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं."

गुरुवारी जावयाने रॉकेलने सगळं ग्रीस धुतलं, कोरडा स्प्रे मारला, आणि मल्टिमीटर काढला. इथे त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. बॅटरीपाशी बारा व्होल्ट होते आणि पायरीच्या मोटरपाशी जेमतेम नऊ. मधले तीन कुठे गळतात हे शोधत तो गाडीच्या सांगाड्यापर्यंत गेला. तिथे अर्थिंगच्या वायरचं टोक गंजून हिरवं पडलं होतं. ते त्याने घासलं, आवळून बसवलं. पायरी गपकन बाहेर आली, गपकन आत गेली. मूळ बिघाड तो होता आणि तो गेला होता. जावई इथे थांबला असता तर ही गोष्ट झालीच नसती.

पण उद्घाटन नको? चार वाजता त्याने सगळ्यांना अंगणात बोलावलं. दार उघडलं. पायरी आली. सासूबाई काठी टेकत आल्या, काठी दाराच्या चौकटीला लावून ठेवली, दारालगतचा दांडा धरला, आणि पाऊल उचललं.

पायरी आत गेली.

रागावून नाही, आदळून नाही. पंगतीत नको असलेला पाहुणा शेजारी बसला की माणूस जसा हळूच सरकतो, तशी. सासूबाईंनी पाऊल पुन्हा जमिनीवर ठेवलं, काठी ओढून सोडवली आणि घराकडे वळल्या. पायरी लगेच बाहेर आली.

"तिला मी नको असेन," सासूबाई चालता चालता म्हणाल्या.

जावयाने चढून बघितलं. पायरी जागची हलली नाही. बायको चढली, काही नाही. सासरे चढले, वजन नव्वद किलो, तरीही पायरी नम्रपणे उभी. सासूबाईंना पुन्हा आणलं. पायरी आत.

शुक्रवारी सकाळी जावयाने वही काढली. वेळ, तापमान, चढणारी व्यक्ती, वजन, चपलेचा प्रकार, परिणाम, असे सहा रकाने आखले आणि दुपारपर्यंत अकरा निरीक्षणं नोंदवली. काठीला रकाना नव्हता. काठी त्याच्या लेखी निरीक्षणात येतच नव्हती. ती त्याचं यश होतं. अकराव्या निरीक्षणाखाली त्याने निष्कर्ष लिहिला: "दोष फक्त सासूबाईंच्या उपस्थितीत आढळतो. सासूबाई बदलून पाहणे शक्य नाही."

एवढं लिहून, वही जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवून, हा हुशार माणूस आंघोळीला गेला.

परत आला तर सासूबाई चष्मा लावून वही वाचत होत्या. त्यांनी शांतपणे वही त्याच्याकडे सरकवली.

"वजन चुकलंय," त्या म्हणाल्या. "तीन किलो जास्त आहे. विचारायचंस तरी."

सासूबाई बदलता येत नसल्या तरी त्यांची नक्कल करता येते, हे त्याला मग सुचलं. बायकोला आईच्या चपला, आईचा स्वेटर आणि आईचा चष्मा घालून लंगडत चढायला सांगितलं. बायकोने विचारलं की काठी पण घेऊ का. उगाच गुंतागुंत वाढवू नकोस, असं जावई म्हणाला. ती लंगडत आली, चष्म्यातून काही न दिसल्याने एकदा दारावर आपटली, आणि चढली. पायरी ढिम्म. सासरे खुर्चीतून म्हणाले की अभिनय चांगला आहे, पण आईचा तुसडेपणा आला नाही. आतून सासूबाईंनी ऐकू येतंय म्हणून सांगितलं.

आता एकच गोष्ट उरत होती. जावयाला ती सुचली तेव्हा तो अक्षरशः उडाला. दार उघडं आहे की बंद, हे पायरीला कसं कळतं? दारात एक चुंबक असतो आणि चौकटीत एक छोटा सेन्सर. दार लागलं की चुंबक सेन्सरजवळ येतो, आणि पायरी आत जाते. म्हणजे सासूबाई आल्या की सेन्सरला चुंबकीय काहीतरी जाणवतं. आणि सासूबाईंच्या अंगात धातू कुठे आहे?

गुडघ्यात!

त्याने लगेच हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि तुम्ही बसवलेला गुडघा चुंबकीय आहे का, असं विचारलं. बायको शेजारी उभी होती, ती हळूहळू खोलीबाहेर गेली. डॉक्टर म्हणाले की गुडघ्याच्या धातूला चुंबक लागत नाही, पेशंट छान चालतायत, आणि तुम्हाला झोप नीट लागते का?

पण फोनवर मिळालेली माहिती म्हणजे काही मोजमाप नव्हे. शनिवारी सकाळी नऊला जावई स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइलची गुंडाळी घेऊन सासूबाईंसमोर उभा राहिला. गुडघ्याला फॉइल गुंडाळलं की त्याचा परिणाम अडेल, असा त्याचा अंदाज होता. बायको म्हणाली, "आई, तू नाही म्हण. मी आहे तुझ्या बाजूने."

सासूबाईंनी घड्याळाकडे बघितलं. सकाळीच बहिणीचा फोन येऊन गेला होता. किती वाजता निघताय, एवढंच तिने विचारलं होतं, आणि त्यांनी दहा सांगितलं होतं.

"गुंडाळ," त्या म्हणाल्या.

एक गुडघा चकाकत त्या अंगणात आल्या. काठी चौकटीला लावली, दांडा धरला, पाऊल उचललं. पायरी आत गेली. सासऱ्यांनी खिशातून फोन काढला आणि ते विकणाऱ्याचा नंबर शोधायला लागले. जावयाला पहिल्यांदाच वहीत काही लिहावंसं वाटेना.

"फोन ठेवा जरा," सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या आणि तिथल्याच खुर्चीत बसल्या. लेकीला त्यांनी शिवणाच्या डब्यातली एक टाचणी आणायला सांगितली. फॉइल सोडून टाकलं आणि टाचणी गुडघ्यावर धरून सोडली. ती घसरून मांडीवर पडली.

"चाळीस वर्षं जमिनीवर सांडलेल्या टाचण्या चुंबकाने गोळा केल्यात मी," त्या म्हणाल्या. "चुंबक कुठे आहे ते टाचणीला विचारायचं. डॉक्टरांना नाही."

मग त्यांनी टाचणीला दोरा बांधला आणि ती लोंबकळती टाचणी एकेका वस्तूजवळ नेली. चष्मा. काही नाही. बांगड्या, चपला, स्वेटरची बटणं. काही नाही. शेवटी लेकीला त्यांनी ती काठी आणायला सांगितली.

टाचणी वीतभर आधीच आडवी झाली आणि टक्कन मुठीला जाऊन चिकटली.

सगळ्यांनी आधी काठीकडे बघितलं, मग चौकटीकडे. आणि मग, अगदी सावकाश, जावयाकडे.

"ही काठी दारापाशी कुठे लावायची," सासूबाईंनी विचारलं, "हे मला कोणी सांगितलं होतं?"

घरगाडीचं अंग फायबरचं, चुंबक धरेल अशी लोखंडी पट्टी फक्त चौकटीत होती. रविवारी जावयानेच ती शोधली होती, आणि सासूबाईंना जागा अचूक सापडावी म्हणून तिथे एक लाल टिकली चिकटवली होती. टिकलीच्या बरोबर दोन बोटं बाजूला सेन्सर होता. काठी लागली की पायरीला वाटायचं, दार बंद झालं. बिचारी इमानेइतबारे आत जायची. तीन दिवस त्या अंगणात आपलं काम चोख करणारी ती एकटीच होती.

चुंबक काढायचा प्रयत्न झाला, पण सात जन्मांचा गोंद आपल्या शब्दाला जागला. शेवटी सासूबाईंनी जुन्या पँटची पट्टी कापली, चार टाके घातले आणि काठी मनगटात अडकवायचा फासा केला. त्याला पाच मिनिटं लागली. मग त्या उठल्या, काठी मनगटाला लोंबकळती ठेवली, दांडा धरला आणि पाऊल पायरीवर ठेवलं. पायरी राहिली. दुसरं पाऊल आत गेलं. आतून त्यांनी पहिला फोन बहिणीला लावला. निघालोय म्हणाल्या, आणि उशीर का झाला असं तिने विचारल्यावर म्हणाल्या की भेटल्यावर सांगते, फोनवर हसता यायचं नाही तुला नीट.

दहा वाजून दहा मिनिटांनी घरगाडी निघाली. तासाभराने जावयाला मूळ स्वभाव आठवला, आणि वेग व अंतर टिपून ठेवावं म्हणून त्याने वही उघडली. अकराव्या निरीक्षणाखाली शिवणाच्या पेन्सिलीने, टाक्यांसारख्या सरळ अक्षरात एक नवी नोंद होती.

"निरीक्षण क्रमांक बारा. दोष फक्त जावयाच्या उपस्थितीत आढळतो. जावई बदलून पाहणे शक्य नाही."

आणि त्याखाली बायकोच्या अक्षरात: "का नाही?"